गेटवरचा राम राम

नभांगण सोसायटी, गेट नंबर एक,
बाणेर, पुणे
८ जानेवारी २०२४

सौ. चिमाबाई हिस,
अनेक आशीर्वाद.

आपल्या लग्नाला सदतीस वर्षं झाली आणि हे माझं तुला पहिलंच पत्र. वरती आशीर्वाद लिहिताना माझं मलाच हसू आलं, कारण आपल्या घरात कोण कुणाला आशीर्वाद देतं ते साऱ्या पिंपळवंडीला ठाऊक आहे. पण फोनवर तुला नीट ऐकू येत नाही. परवा मी "जेवलो" म्हटलं तर तू "कोण मेलं?" म्हणून ओरडलीस आणि शेजारचे चौघे गोळा झाले. त्यापेक्षा पत्र बरं. सातवीपर्यंत शिकलो ते कधीतरी उपयोगाला यायचंच होतं.

मी सुखरूप पोचलो. पप्पूचा वॉचमनचा निळा शर्ट पोटावर तंग होतो, पण एजन्सीचा सुपरवायझर सुनील म्हणाला, "चालतंय, श्वास कमी घ्या." पप्पूचा पाय मोडला तो मोडला. दोन महिने त्याच्या जागेवर घरचा माणूस उभा राहिला तर जागा त्याचीच राहील, हा शब्द मी सुनीलकडून पुन्हा एकदा घेतलाय. अवसरीच्या सोयऱ्यांना निरोप दे, घोर लावून घेऊ नका म्हणावं. आरतीच्या वडिलांनी "पोरगा पुण्यात नोकरीला आहे" एवढ्यावर होकार दिलाय. त्यामुळे हे गेट मला पप्पूच्या मांडवाचं दारच वाटतं. भाऊ गेल्यावर पोरगं आपण वाढवलं, आता त्याचं लग्न गेटच्या या दांड्यावर अडायला नको.

आता इथली गंमत ऐक. बारा मजल्यांच्या चार इमारती आहेत. सकाळी आठ ते दहा माणसांचा नुसता लोंढा बाहेर पडतो. मी आपला पहिल्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला राम राम घातला. आपल्याकडं माणूस समोरून गेला आणि बोललो नाही तर तो रात्रीपर्यंत विचार करत बसतो, की आपलं काय चुकलं.

इथं पहिल्यानं मागं वळून पाहिलं, मी दुसऱ्याच कुणाला म्हणतोय का ते बघायला. दुसरा म्हणाला, "नको नको, आमच्याकडे आहे." काय आहे कोण जाणे. तिसऱ्यानं झटकन गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं. एक पोरगी म्हणाली, "हां, बोल." मला बरं वाटलं. मी म्हटलं, "बोललो ना ताई, राम राम." तर ती म्हणते, "मम्मी, तू एवढ्यात नको येऊस." तिच्या कानात फोनची बोंडं होती. मी तरी म्हटलंच, "येऊ द्या की आईला."

सहाशे माणूस गेलं असेल. उत्तरं शून्य. आपली तांबडी गाय तरी मान हलवते.

पाण्याची पाळी चुकवू नकोस. उसाच्या कडेनं एकटी जाऊ नकोस, बिबट्या सध्या तिकडंच आहे.

तुझा,
भगवंत


पिंपळवंडी
१३ जानेवारी २०२४

मालकांस नमस्कार.

पत्र पोचलं. गेणभाऊ पोस्टमन अंगणात उभा राहून म्हनला, "काकू, पुण्याहून कुणाचं?" मी म्हनलं, "मालकांचं." तर तोंड बारीक करून म्हनला, "भांडण झालं का?" बघा, नवऱ्यानं बायकोला पत्र धाडलं की लोकांच्या मनात काय येतं.

तुमचं "आमच्याकडे आहे" वाचून मी एवढी हसले की पप्पू खाटेवरून म्हनला, "काकू, मलाबी सांग." त्याला वाचून दाखवलं. तो न्हाई हसला. त्यानं डोक्याला हात लावला. म्हनला, "काका माझं लगीन मोडणार. काकू, त्यांना लिही, गेटवर माणसाकडं बघायचं नसतं. गाडीच्या काचेवरचा स्टिकर बघायचा. स्टिकर असला की दांडा वर, नसला की खाली. बास."

तवा तसं करा. तिथली माणसं लई घाईत असत्यात. आपण मधीच राम राम म्हनलं की त्यांना वाटत असंल, ह्या माणसाला काहीतरी पाहिजे. तुमचं वय काय, तुमी करताय काय!

पप्पूचा पाय प्लास्टरात हाय, पोट मात्र मोकळं हाय. सकाळी चार भाकरी, दुपारी चार. हाड जुळायला भाकरी लागती म्हनतो. मी म्हनलं, हाड एकच मोडलंय रं.

कांद्याची लावण झाली. गाया बऱ्या हायेत.

तुमची,
चिमा

(आणि सुनीलला म्हणावं, शर्टाची शिवण उसवून मिळती. श्वास घेत जा.)


बाणेर, पुणे
२१ जानेवारी २०२४

प्रिय चिमा,

(हे "प्रिय" मी धाडस करून लिहिलंय. पप्पूला दाखवू नकोस.)

उत्तर आलं! नवव्या दिवशी, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी, बी इमारतीतल्या संस्कृतीकडून. हीच ती "मम्मी, तू नको येऊस" वाली. पळत चालली होती, मी म्हटलं, "राम राम ताई, बुटाची नाडी सुटलीय." ती थांबली, खाली बघितलं, मग वर माझ्याकडं बघितलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, "थँक यू काका. राम राम." आणि गेली. मी गेटचा दांडा तीनदा उगाचच वरखाली केला.

तेव्हापासून मला युक्ती सापडली. नुसता राम राम हवेत सोडायचा नाही, माणसाकडं नीट बघून द्यायचा. आठशे तीनमधले सुभाषराव रोज मंडईची जड पिशवी डाव्याच हातात धरतात. उजवा हात अधू आहे. मी म्हटलं, "राम राम साहेब, पिशवी लिफ्टपर्यंत देऊ का?" म्हणाले, "नको, पण विचारलंत." दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी राम राम केला. चेअरमन सुदर्शन सर तोंड उघडत नाहीत, पण भुवई उचलतात. मी भुवईसुद्धा मोजतो. आज संध्याकाळपर्यंत अकरा झाले, भुवया धरून.

दोन नंबर गेटवर जानकू असतो, आंबेगावातल्या भीमाशंकरकडच्या डोंगरातला. भातलावणीला तेवढा गावी जातो. तीन वर्षं इथं आहे आणि त्याचं नाव एकालाही ठाऊक नाही. लोक त्याच्याशी हिंदीत बोलतात, तोही बिचारा हिंदीत उत्तर देतो. मी संस्कृतीला म्हटलं, "ताई, दोन नंबरला जानकू आहे, आपल्याकडचाच." ती मुद्दाम त्या गेटनं गेली आणि म्हणाली, "राम राम जानकूकाका." संध्याकाळी जानकू मला सांगायला आला. नुसता हसत उभा राहिला. पाच मिनिटं.

पप्पूला सांग, मी स्टिकर पण बघतो.

तुझा,
भगवंत


पिंपळवंडी
२७ जानेवारी २०२४

मालकांस नमस्कार.

"प्रिय" पप्पूनंच आधी वाचलं. पाकीट त्यानंच फोडलं व्हतं. दोन दिवस मला "प्रिय काकू, भाकरी वाढ" म्हनतोय.

अकरा झाले ते चांगलं झालं. पण आता माझं एक ऐका. तुमी परक्या पोरीच्या बुटाची नाडी बघितली. सुभाषरावांचा कुठला हात अधू ते बघितलं. मी सदतीस वर्षं सकाळी चहा देते, तवा तुमी पेपरमधनं नजर न काढता नुसता हात पुढं करता. तुमचा हात मी चांगला वळखते, चेहरा वळखायला मला सणासुदीला सवड मिळती. भांडत न्हाई. हसत लिहितेय. पण लिहितेय.

आता माझंबी सांगते. आपल्या बांधाच्या पलीकडं ऊसतोडीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या असत्यात ना? पाच वर्षं तीच माणसं तिथंच येत्यात. तुमचं पत्र वाचलं आन मला वाटलं, तुमी पुण्यात सहाशे माणसाला राम राम घालता, आन मी इथं पन्नास पावलांवरच्या बाईचं नाव सांगू शकत न्हाई. मग गेले. एक बाई मोळी बांधत व्हती. मी म्हनलं, "राम राम बाई, नाव काय तुझं?" तिनं मागं वळून बघितलं! अगदी तुमच्या त्या पहिल्या माणसासारखं. मला तिथंच हसू फुटलं. मग तीबी हसली, का ते तिला ठाऊक न्हाई. प्रयागबाई नाव हाय. बीडकडची. म्हनली, "ताई, पाच वर्षं तुमच्या विहिरीचं पाणी पितेय, तुमचं नाव मला ठाऊक हाय. चिमाबाई." एवढी लाज वाटली मला.

तिला घरी घेऊन आले. पप्पूनं तिच्या वाटणीची भाकरीबी खाल्ली.

तुमची,
चिमा


बाणेर, पुणे
५ फेब्रुवारी २०२४

सौ. चिमाबाई हिस,
अनेक आशीर्वाद.

सर्व ठीक. थंडी आहे. गायांना कडबा कमी पडू देऊ नये. कामामुळे जास्त लिहीत नाही.

भगवंत


पिंपळवंडी
८ फेब्रुवारी २०२४

मालकांस नमस्कार.

हे पत्र हाय का विजेचं बिल? मला आधी वाटलं, चहाचं लिहिलं म्हणून राग धरला. दोन दिवस मन खात व्हतं. मग पप्पूनं जानकूला फोन लावला आन सगळं बाहेर पडलं.

सुनीलनं तुमाला ताकीद दिली, चेअरमनच्या ग्रुपवर तक्रार आली, "गार्ड विनाकारण बोलतो, कुणाची ये-जा कधी ते विचारतो," तुमचं तोंड बंद केलं, रविवारी मीटिंगीत तुमाला उभं करणार, एवढं सगळं झालं आन तुमी मला थंडी हाय म्हनून लिहिता? सदतीस वर्षांत तुमाला खोटं बोलता आलं न्हाई, आता पत्रात काय येणार!

पप्पू रडकुंडीला आलाय. म्हनतो, "काका, तुमच्या पाया पडतो, गप बसा. म्हंजे पडायला पाय न्हाई, पण पडतो." काल आरतीच्या वडिलांचा फोन आला व्हता, "जावईबापूंची नोकरी कशी चाललीय?" पप्पू म्हनला, "उभ्यानं चाललीय."

माझं ऐका. रविवारी हात जोडा. म्हणा, चूक झाली, परत बोलणार न्हाई. एक महिना राहिलाय, मुका माणूस म्हणून काढा. तुमचा राम राम मला गोड लागतो, पण पोराचं लगीन त्याहून मोठं हाय. हे लिहिताना मला बरं वाटत न्हाई. तरी लिहिते.

मीटिंग झाली की लगेच कळवा. खरं कळवा.

तुमची,
चिमा


बाणेर, पुणे
१२ फेब्रुवारी २०२४

प्रिय चिमा,

खरं कळवतो. चहाचं तुझं पत्र मी बारा वेळा वाचलं. त्याला उत्तर सुचत नव्हतं, आणि ताकिदीचं सांगवत नव्हतं. दोन्ही मिळून ते थंडीचं पत्र झालं. चहाचं उत्तर घरी आल्यावर देईन, पेपर बाजूला ठेवून.

आता कालचं ऐक. खुर्ची असेल तर बस.

सोसायटीच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. एकमेकांपासून एक-एक खुर्ची सोडून बसलेली, आणि सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये. मी टोपी काढून पुढं उभा राहिलो. सुनील बाजूला घामाघूम. सुदर्शन सरांनी तक्रार वाचली आणि म्हणाले, "बोला, काय म्हणणं आहे?"

मी तू लिहिलंस तसंच ठरवून गेलो होतो. हात जोडले. म्हटलं, "चूक झाली. ज्यांना ज्यांना त्रास दिला त्यांची नावं घेऊन माफी मागतो." मला वाटलं, माफी मोघम नसावी.

आणि मी सुरुवात केली. "संस्कृतीताई, बी नऊशे चार. तुमची आई यायची म्हणाली तेव्हा मी मध्येच बोललो. तुमचं आजोळ अवसरीचं, हे मी विचारायला नको होतं." तेवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या बाई उठल्या. "अवसरी? अगं, माझं माहेर मंचर! तू कुणाची?" संस्कृतीनं आजोबांचं नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, "त्यांनी मला शाळेत शिकवलंय!" त्या दोघी समोरासमोरच्या दारात राहतात, चिमा. दोन वर्षं. संस्कृती खुर्च्या ओलांडून त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"शांत बसा," सुदर्शन सर म्हणाले. "तुम्ही पुढे बोला."

मी म्हटलं, "आपलीसुद्धा माफी, सर. आपल्या भुवईला मी राम राम धरत होतो." हॉल हसला. सरांची भुवई आपोआप वर गेली, मग तर कुणाला आवरेना. सरही हसले. त्यांचे दात मी पहिल्यांदा पाहिले. फार चांगले आहेत.

मग मागून एक बाई उठल्या. सातशे तीनच्या जया मॅडम. म्हणाल्या, "तक्रार मी केलीय." सगळ्या माना तिकडं वळल्या. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "काका, तुम्ही वाईट नाही. पण मी एकटी राहते. तुम्ही भर गेटवर विचारलंत, 'मॅडम, दोन दिवस दिसला नाहीत?' मला वाटलं, मी घरी कधी असते, कधी नसते, हे कुणीतरी टिपून ठेवतंय. रात्री झोप आली नाही मला."

चिमा, मी आपला मायेनं विचारलं होतं. आपल्याकडं असं विचारलं नाही तर माणूस रुसतो. पण त्यांच्या बाजूनं मी बघितलंच नव्हतं. मी म्हटलं, "मॅडम, ही माफी मात्र खरी. बाकीच्या मी पाठ करून आलो होतो. राम राम म्हणायचा आणि तिथंच थांबायचं, पुढं बोलायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. हे मला या वयात कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत." त्या मान हलवून खाली बसायला लागल्या.

तेवढ्यात सुभाषराव ओरडले, "थांबा! सातशे तीन? म्हणजे मोबाईलवर मला रोज सकाळी सहा वाजता तक्रार टाकणाऱ्या तुम्ही?"

मॅडम ताडकन वळल्या. "आठशे तीन? ते ठाप-ठाप तुम्ही करता? वर्षभर? पाट्यावर काय वाटता तरी काय रोज?"

"पाटा नाही हो, बॉल! झटका आला होता मला, डॉक्टरांनी उजव्या हातानं बॉल दाबायला सांगितलाय. दाबतो आणि निसटतो. दाबतो आणि निसटतो."

"अहो, मग सांगायचं ना! मला वाटलं वरती कुणी चिडका माणूस राहतो."

"आणि मला वाटलं खाली!"

हे दोघं रोज पावणेनऊला एकाच लिफ्टनं खाली येतात, चिमा. मी रोज बघतो. एक उजवीकडं तोंड करून, एक डावीकडं. जया मॅडमनी तोंडावर हात धरला आणि हसत सुटल्या. एवढ्या, की डोळे पुसायला लागल्या. मग हॉलमध्ये जो गोंधळ झाला तो काय सांगू! "तुम्ही कितव्या मजल्यावर?" "ती निळी गाडी तुमची?" "पाणी गळतं ते तुमच्याकडून?" सुदर्शन सर टेबल बडवत होते, कुणी ऐकेना. सुनील माझ्या कानात म्हणाला, "काका, मी वीस वर्षं या धंद्यात आहे, असली मीटिंग बघितली नाही."

शेवटी सरांनी ठरवलं ते असं: गार्डनं राम राम म्हणायला हरकत नाही. चौकशी करायची नाही. आणि पप्पूची जागा पप्पूचीच. हे मी सगळ्यांसमोर विचारून घेतलं. मांडवाचं दार उघडं आहे म्हणून सांग त्याला.

आज सकाळी जया मॅडम गेटवर आल्या. मी फक्त राम राम म्हटलं आणि ओठ मिटून घेतले. त्या पुढं गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, "दोन दिवस बहिणीकडे गेले होते." एवढंच सांगून निघून गेल्या.

एक दिवस इकडं येऊन जा. सगळे विचारतात, त्या पत्रवाल्या काकू कधी येणार. येण्याआधी कळवू नकोस, अशीच ये. मला बरं वाटेल.

तुझा,
भगवंत


पिंपळवंडी
५ मार्च २०२४

मालकांस,
नमस्कार बिमस्कार काही न्हाई.

रविवारी जे झालं ते तुमी तुमच्या पद्धतीनं गावभर सांगणार, म्हणून मी माझ्या हातानं लिहून ठेवते. हेच खरं मानायचं.

प्रयागबाई म्हनली, "ताई, जा तुमी, गायांचं मी बघते," म्हणून निघाले. बाणेरला उतरले तवाच माझं डोकं गरगरत व्हतं. एका हातात लोणच्याची बरणी, दुसऱ्या हातात पिशवी, आन वर बघावं तर बारा मजले. गेटवर निळ्या शर्टाचा माणूस, टोपी पार डोळ्यांवर. म्हनला, "ओ माँजी, किधर जाना है?"

मला वाटलं, हिंदीवाला हाय. माझं हिंदी टीव्हीतलं. मी खाली मान घालून म्हनलं, "अंदर."

"अंदर किसके पास?"

"हमारे मालक के पास."

"कौनसा फ्लॅट?"

"फ्लॅट न्हाई. गेट पे रहते है."

"नाम बोलो, रजिस्टर में लिखना है."

आता तुमाला ठाऊक हाय, तुमचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. मी म्हनलं, "नाम नहीं लेते."

"नाम नहीं तो एन्ट्री नहीं."

मागं गाडी हॉर्न मारायला लागली. बरणी हातातनं सुटायला लागली. मी डोळे मिटले आन ओरडले, "भगवंत! भगवंत! आता सोड की मेल्या!"

"जी, बोलो," म्हनून तुमी टोपी काढली.

आन त्या खांबामागनं तुमची ती संस्कृती, जया मॅडम, सुभाषराव, सगळे टाळ्या पिटत बाहेर! मी निघाल्याचं पप्पूनं तुमाला फोन करून आधीच फोडलं व्हतं, हे मागनं कळलं. सुभाषरावांचा तर बॉल सुटला आन गाडीखाली गेला. मी तुमाला पिशवी हाणली ती बरोबरच हाणली. त्याबद्दल माफी न्हाई.

पण वर जेवायला नेल्यावर, सगळे हसत व्हते तवा, माझ्या मनात दुसरंच चाललं व्हतं. पाच मिनिटं मी तुमच्यापुढं उभी व्हते. तुमी आवाज बदलला, हिंदी बोलला, सगळं खरं. माझा कानबी गेलाय. पण डोळे तर हायेत. मी एकदाबी वर तोंडाकडं बघितलं न्हाई. शर्ट बघितला, टोपी बघितली, म्हनलं वॉचमन हाय, झालं. माझ्या दाल्ल्याला मी वळखलं न्हाई, कारण मी बघितलंच न्हाई. त्या सहाशे माणसांना मी घरबसल्या नावं ठेवत व्हते. आता ठेवणार न्हाई. जया मॅडमना मी हे सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आन लोणचं परत वाढून घेतलं. चांगली बाई हाय.

पप्पूचं प्लास्टर काल निघालं. पाय बारीक झालाय, पण चालतो. शनिवारी नऊ तारखेला तो तिथं हजर व्हतो, तुमी त्याच दिवशी निघा. आरतीच्या वडिलांनी मांडवाची तारीख धरायला बोलावलंय. पप्पू म्हनतो, "काकांनी तिथं जे करून ठेवलंय ते मी कसं निभावू? मला तर लाज वाटती बोलायला." मी म्हनलं, "नाड्यांपासनं सुरू कर."

आता येतानाचं सांगते, ते तुमाला ठाऊक न्हाई.

शिवाजीनगरला यष्टीत बसले. चाकणपर्यंत दाबून धरलं. राजगुरुनगरला गाडी थांबली आन मला तुमचं ते "जी, बोलो" आठवलं. जी हसायला लागले ती थांबेना. शेजारची बाई आधी जरा सरकून बसली. मग म्हनली, "मावशी, बरं हाय ना?" तिला सांगितलं. ती एवढी हसली की पुढच्या सीटवरचा माणूस वळून म्हनला, "आमालाबी कळू द्या राव." त्याला सांगितलं. मागनं एक म्हातारबाबा ओरडले, "मोठ्यानं सांगा, इकडं ऐकू येईना!" शेवटी कंडक्टर म्हनला, "मावशी, उभ्या राहा आन पहिल्यापासनं सांगा, मी तिकिटं नंतर फाडतो."

मी उभी राहिले. दांडीला धरून सगळं सांगितलं, हिंदीसकट. "भगवंत! भगवंत!" आलं तवा अख्खी गाडी हलली. मंचरला नवी माणसं चढली, त्यांना आधीचे सांगायला लागले. कळंबच्या पुढं एक बाई उठली, माझ्याच वयाची, म्हनली, "मीबी आज घेतेच," आन कानाशी तोंड नेऊन ओरडली, "सावळेराम!" नवरा शेजारीच झोपला व्हता. तो दचकून उठला, पिशवी उचलली आन दाराकडं पळाला. म्हनला, "थांबवा, थांबवा, आमचा स्टॉप गेला!" ड्रायव्हरला हसू आवरेना, त्यानं खरंच गाडी बाजूला घेतली.

पिंपळवंडी स्टँडवर मी उतरले. गाडी हलली तशी एकेका खिडकीतनं हात बाहेर आले. सावळेरामबी हात हलवत व्हता. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. चहाच्या टपरीवरची माणसं उठून बघायला लागली, ही चिमाबाई कधी पुढारी झाली म्हणून. मी पिशवी खाली ठेवली आन दोन्ही हात वर केले.

तुमची,
चिमा